जावयाने आणलेला टर्बो

घराला लागून गॅरेज असलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चहाचे कप बाहेर जातात आणि परत येताना प्रत्येक कपाबरोबर एकेक गोष्ट आत येते. कप मी विसळून ठेवत असे. गोष्टी मात्र तशाच साचत गेल्या. लग्न होऊन रत्नागिरीला आले त्या पहिल्या वर्षातल्याच इतक्या आहेत की कुठली आधी सांगू असं होतं. त्यातल्या टर्बोच्या तेवढ्या सांगते.

आमच्याकडे माल वाहायच्या दोन पिकअप होत्या. एक जुनी, ती गंगाराम ड्रायव्हरच्या हातची. दुसरी नवी, ती 'ह्यांची'. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दोन्हींचे मालक आणि दोन्ही ड्रायव्हरांचे साहेब.

त्या दिवाळीत नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, दुबईहून आले. तिकडे ते मोठ्या गॅरेजात कामाला. बॅगेतून सेंट निघालं, साड्या निघाल्या आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं शंखाच्या आकाराचं एक जड लोखंड निघालं.

सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. जावयाने एवढ्या लांबून आणलेली वस्तू! काय आहे, कशाला आहे, हे विचारणंसुद्धा बरं दिसलं नसतं. त्यांनी ते सरळ देवापुढे पाटावर ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, वर चार अक्षता टाकल्या.

तो टर्बो होता. धुळीचा कणही आत जाता कामा नये, असं भावोजींनी दोनदा बजावलं होतं. हे पुढचा अर्धा तास रॉकेलच्या फडक्याने त्यातलं कुंकू काढत बसले. अक्षता मोजून चारच निघाल्या, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

•

टर्बो म्हणजे काय, हे मला भावोजींनी मामंजींना समजावलं तेव्हा कळलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. तेवढंच इंजिन, पण ताकद दीडपट. टर्बो नसलेल्या इंजिनाला भावोजी 'नॅचरल' म्हणायचे.

मामंजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या नाकाने श्वास घेणारं इंजिन मला पुरे आहे. पाठीमागून कुणी फुंकायला नको."

पण वस्तू जावयाची. नको म्हणायची सोय नव्हती. शिवाय भावोजींनी बॅगेतून आणखी एक गोष्ट आणली होती. ह्यांच्यासाठी त्यांच्याच गॅरेजात नोकरी. दोन वर्षांचा करार, बायकोला नेता येत नाही.

त्या रात्री जेवताना हे पहिल्यांदाच बापासमोर मान वर करून बोलले. "इथे एक इंजिन तरी माझ्या मनासारखं चालू दे. नाहीतर मी जातो दुबईला."

मामंजींनी ताकाचा पेला खाली ठेवला. "बसव टर्बो. आंब्याचा सीझन संपेपर्यंत ठेव. पण गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर काढायचा. मग तू दुबईला जा, नाहीतर अमेरिकेला."

मला कुणी काही विचारलं नाही. मी आमटी वाढत होते.

•

नव्या गाडीला टर्बो बसल्यावर पहिली फेरी गंगारामने मारली. पन्नाशीचा माणूस, सगळं आयुष्य नॅचरल इंजिनावर गेलेलं. इंजिन रडायला लागलं की खालचा गिअर, एवढंच त्याचं शास्त्र.

हातखंब्याचा चढ करून आला आणि ओट्यावर बसला. चेहरा पडलेला. मी चहा दिला तर म्हणाला, "वैनी, चढ कवा संपला ता मला कळलाच नाय. इंजिन रडलाच नाय वो."

मी म्हटलं, मग चांगलंच झालं की.

चांगलं कसलं? जुनी गाडी चढाच्या वर पोचली की तापायची. मग रेडिएटरला पाणी आणि गंगारामला चहा, अशी वीस वर्षांची रीत. टर्बोची गाडी न तापता वर गेली, तरी हा थांबला होता. टपरीवाल्याने पाण्याची बादली आणून ठेवली, ती तशीच पडून राहिली.

"इंजिनाला नको आसल पानी," गंगाराम म्हणाला, "पन मला चाय नको काय?"

•

टर्बोची एक अट होती. चढ चढून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवायची, म्हणजे आतला पंखा निवतो. नाहीतर तेल जळतं आणि टर्बो जातो.

मामंजींना उभ्या गाडीचं चालू इंजिन सहन होत नसे. अंगणातून जाता जाता त्यांचा हात खिडकीतून आपोआप आत जायचा आणि किल्ली फिरवायचा. दुसऱ्यांच्या गाड्याही त्यांनी अशा बंद केलेल्या आहेत. एकदा तर भाट्याच्या पुलाजवळ एका डॉक्टरांची, डॉक्टर आत बसलेले असताना!

ह्यांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'बंद करू नये'. मामंजींनी चष्मा लावून वाचलं आणि गाडी बंद केली.

शेवटी सासूबाईंनी तोड काढली. गाडी दारात आली की मामंजींनी ओट्यावर बसून विडा लावायचा. विडा तोंडात गेला की गाडी बंद. मामंजी कबूल झाले. पण पहिल्याच दिवशी त्यांनी अर्ध्या मिनिटात विडा लावला. दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर त्यात कातरलेली सुपारी नव्हती. अख्खी होती. अडकित्ता शोधला, तोही जाग्यावर नव्हता. सासूबाई आत माझ्या शेजारी नारळ खवत बसल्या होत्या. बाहेर इंजिन चालू आणि मामंजींच्या हाका चालू.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणखी थोडं निवू दे गो."

•

मार्चमध्ये शेजारच्या बागायतदारांच्या मुलाचं लग्न ठरलं. वऱ्हाड मंडणगडला जायचं होतं. दरवर्षी कुणाचं ना कुणाचं वऱ्हाड आमच्या पिकअपमधून जातंच. बायका पुढे, पुरुष मागे सतरंजीवर. ह्या वेळी टर्बोची गाडी गेली.

पोचली ती ठरल्या वेळेच्या दीड तास आधी. मांडव अजून एका बाजूने उघडाच. मुलीचे वडील बनियनवर दोरी ओढत होते. व्याही दारात बघून त्यांनी दोरी सोडली आणि उभी राहिलेली बाजूही खाली आली.

झालं, वरपक्ष रुसला. स्वागताला कुणी नाही, पाय धुवायला पाणी नाही, चहाचा पत्ता नाही. ह्यांनी सांगून पाहिलं की आपणच लवकर आलो. वराचे काका म्हणाले, "ते आम्हाला कळतंय हो. पण एरवी उशिरा येऊन रुसतो, तेव्हा निदान चहा तयार असतो."

परत आल्यावर मामंजींनी एवढंच विचारलं, गाडी कुठे बंद पडली का. हे म्हणाले, नाही. मामंजींनी मान हलवली. ती कशासाठी, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

•

एप्रिलच्या सुरुवातीला पान्यांच्या खणात मला पासपोर्टचा अर्ज सापडला. हे पक्कड मागत होते, म्हणून मी खण उघडला. अर्ज पुरा भरलेला, फोटोही चिकटवलेला. फक्त सही नव्हती.

मी पक्कड दिली आणि खण लावला. त्याच संध्याकाळी मामंजी म्हणाले, "विजू, फोटोत कॉलर वर झालीय तुझी." म्हणजे तो खण त्यांनीही उघडला होता. ह्यांनी कॉलर चाचपली. अंगात तेव्हा बनियन होतं.

•

आता घाटातली सांगते.

मे महिन्यात कोल्हापूरला आंबा चालला होता. माझं माहेर तिकडचं, म्हणून मलाही चार दिवस सोडायचं ठरलं. टर्बोची गाडी त्या दिवशी मामंजींनी स्वतः चालवायला घेतली. पहिल्यांदाच! शेजारी मी, मागे पेट्या. जुनी गाडी घेऊन हे आणि गंगाराम मागून येत होते. पहाटे निघालो, साखरपा मागे टाकलं आणि आंबा घाट चढायला लागलो. जुनी गाडी कधीच मागे पडली. चढावर वरचा गिअर टाकताना मामंजींनी एकदा माझ्याकडे बघून घेतलं.

निम्म्या घाटात फट्कन आवाज झाला. मागे काळा धूर, इंजिनातला दम गेला आणि दोन वळणांनंतर गाडी उभी राहिली. मामंजींनी किल्ली मारून पाहिली. पुन्हा मारली. मग उतरून चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडलं. टर्बोचा रबरी पाइप क्लिपमधून सुटून लोंबत होता.

मामंजी त्या पाइपाकडे बराच वेळ बघत राहिले. मग बॉनेट लावलं आणि कठड्यावर जाऊन बसले. मी खाली उतरून उभी राहिले.

पंधरा-वीस मिनिटांनी जुनी गाडी घरघरत वर आली. पुरती थांबायच्या आत ह्यांनी उडी मारली. चेहरा पांढरा पडला होता.

"बंद पडली ना?"

मामंजींनी काळे झालेले हात लेंग्याला पुसले. "बंद कशाला पडेल? मी थांबवली."

गंगारामने चाकांखालचे दगड पाहिले आणि तोंड फिरवून बिडी पेटवली.

"इथे? घाटात?" ह्यांनी विचारलं.

"सूनबाई म्हणाली, घाट बघायचाय."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. लग्न झाल्यापासून मी त्या घरात काही मागितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "फार छान दिसतोय."

ह्यांनी वळून दरीकडे पाहिलं. मग बापाकडे. मग माझ्याकडे. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढत ते बॉनेटकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "मग बघ सावकाश."

दरीत धुकं होतं. कठड्यापलीकडचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.