घोडी कशी आहे?

फोन प्रल्हादचा आहे, हे मला आधी खरंच वाटलं नाही. माझा हा धाकटा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून परतल्यापासून स्वतःहून कुणाला फोन करत नसे. घरातल्या बऱ्या-वाईट बातम्या आम्हीच त्याच्यापर्यंत पोचवायचो, त्याही निवडून, सांभाळून. मी तेव्हा सावद्याला होते, केळीच्या गाड्या भरून घेत होते. "ताई, नाना गेले," तो म्हणाला. "झोपेतच गेले. मी सोनगीरलाच आहे. त्यांच्या मुलीला कळवलंय, धुळ्याच्या डॉक्टरबाईंना कळवलंय, बाकीच्यांना कळवतोय. तू सावकाश ये." आणि शेवटी, "येताना सगुणासाठी गूळ आण. सकाळपासून तिने तोंडात काही घेतलेलं नाही." मी फोन ठेवला आणि उभ्याउभ्याच रडले. नाना गेले म्हणून रडलेच. पण प्रल्हादने ही बातमी न अडखळता दिली, सगळी कामं वाटून दिली, हे नानांना कधी एकदा सांगते असं झालं, आणि सांगायला नानाच नव्हते.

निवृत्त सुभेदार तुळशीराम शिरसाठ म्हणजे आमचे नाना. फौजेतली सगळी नोकरी त्यांनी डोंगराळ भागात खेचरं आणि घोडे सांभाळण्यात काढली. निवृत्तीनंतर सोनगीरला परतले, सारंगखेड्याच्या बाजारातून आधी एक पांढरी घोडी, मग आणखी काही घेतल्या आणि नवरदेवांसाठी घोडी देण्याचा धंदा सुरू केला. किल्ल्याच्या पायथ्याशी पत्र्याचा तबेला, पुढे कडुनिंब, त्याखाली नानांची खाट आणि कुंपण घातलेली मोकळी जागा. लग्नसराई संपली की घोड्या रिकाम्या आणि नानाही रिकामे. मग त्यांचा एक जुना साथीदार नुसताच येऊन घोडीजवळ बसू लागला. तो घरी कुणाशी बोलत नसे, इथे मात्र तासन्‌तास घोडीला खरारा करायचा. त्याच्यावर उपचार करणाऱ्या धुळ्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंना त्याच्यात फरक दिसला. त्या चौकशी करत तबेल्यात आल्या आणि पुढे आणखी माजी सैनिकांना पाठवू लागल्या. दर शनिवारी त्या स्वतःही येत. त्यांनी या कामाला 'अश्वोपचार' असं भारदस्त नाव दिलं. नाना हसायचे, पण कुणी गोळी चुकवली असं कळलं तर त्याला घोडीला हात लावू देत नसत. "गोळी बाईंची, घोडी माझी. एक सोडली तर दुसरी मिळणार नाही." हा त्यांचा एकमेव कायदा.

प्रल्हादचं काय झालं होतं, ते आम्हाला आजही पुरतं माहीत नाही. पुढची गाडी उडाली तेव्हा तो मागच्या गाडीत होता, एवढंच. घरी आला तो मागच्या खोलीत बसला. दिवाळीत दारंखिडक्या लावून घ्यायचा. गावातल्या एका लग्नात फटाक्यांची माळ लागली, तेव्हा शेजारच्या लहान पोराला ओढून घेऊन तो टेबलाखाली आडवा झाला. पोराला स्वतःच्या अंगाखाली झाकून. लोक हसले. लोकांनाही दोष देता येत नाही, त्यांना ते विनोदीच दिसलं. पण त्यानंतर तो एकाही लग्नाला गेला नाही. आणि मग त्याच्याच मुलीचं, पूजाचं लग्न ठरलं. प्रल्हाद म्हणाला, "कन्यादान ताई आणि भाऊजी करतील. मी त्या दिवशी शेतावर राहीन." पूजाने शांतपणे सांगितलं की, बाबा नसतील तर लग्नही नसेल. दोघंही आपल्या शब्दावरून हटेनात. मुलाकडच्यांनी तारीख मागितली होती.

नानांच्या तबेल्याबद्दल मी ऐकून होते. नाना फोन उचलत नसत, म्हणून मी सोनगीरला गेले. जाताना प्रश्न लिहून नेले होते. किती आठवडे लागतील, घोड्यावर कधी बसवणार, लग्नापर्यंत होईल का... नानांनी ते चष्मा लावून वाचले, कागद परत दिला आणि म्हणाले, "ताई, बसवत मी कुणालाच नाही. बसायला नवरदेव आहेत. आणि पेशंट म्हणून तर त्याला पाठवूच नका, तो येणार नाही. मी असतो तर मीही आलो नसतो." दुसऱ्या दिवशी ते मोटारसायकलवरून थेट पारोळ्याजवळच्या आमच्या गावी हजर. अंगणात उभे राहून प्रल्हादला म्हणाले, "हवालदार, माले मानूस जोयजे. नवी घोडी शे, लगनमा उभी ऱ्हायला शिकाडनी शे. येशी का?" घोडीला शिकवायला माणूस पाहिजे, हे खोटंही नव्हतं. ही घोडी म्हणजे सगुणा. ती तेव्हा नवीनच होती, भांडं पडलं तरी उधळायची. प्रल्हादने विचारलं, "किती वाजता यायचं?" त्याने आपणहून काही विचारल्याला किती काळ लोटला होता, ते त्याची बायको मला नंतर सांगत होती.

लग्नातल्या घोडीला आवाजाची सवय करावी लागते. नानांची पद्धत अशी : एकाने घोडीचा दोर धरून तिच्याजवळ उभं राहायचं, तिच्यापुढे भिजवलेला हरभरा, आणि दुसऱ्याने लांबून तेलाचा रिकामा डबा वाजवायचा. ती खात राहिली तर पुढच्या खेपेला डबा थोडा जवळ. डब्यानंतर ढोल, ढोलानंतर एखादा फटाका. यात सगळं शहाणपण दोर धरणाऱ्याच्या हातात. आवाज झाला की माणूस नकळत मूठ आवळतो, दोर ताणला जातो, आणि घोडीला वाटतं, नक्की काहीतरी भयंकर आलंय. म्हणून दोर ढिला हवा. पहिल्याच आठवड्यात डबा वाजला आणि प्रल्हादच्या हातून दोर सुटला. सगुणा कुंपण ओलांडून किल्ल्याच्या दिशेने पसार. मी त्या दिवशी तिथे होते आणि मला वाटलं, संपलं सगळं. नाना खाटेवरून हललेसुद्धा नाहीत. "जा हवालदार, तुनी घोडी शे," एवढंच म्हणाले आणि मला चहा दिला, त्यांचा तो पाकासारखा गोड चहा. दिवस कलताना प्रल्हाद किल्ल्याच्या वाटेने येताना दिसला. तो पुढे, सगुणा मागे, आणि दोघांच्या मध्ये दोर जमिनीला टेकत होता. काही दिवसांनी त्याने नानांना विचारलंच, "नाना, खरं सांगा, तुम्ही शिकवताय कोणाला? घोडीला की मला?" नाना म्हणाले, "दोघांस्ले. हरभरा एकालाच लागतो."

पण नानांची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. तबेल्यात आलेल्या कुणालाही ते कधी "कसा आहेस?" असं विचारत नसत. विचारायचे, "घोडी कशी शे आज?" नवा माणूस म्हणायचा, मी अजून पाहिली कुठे. "मंग पाही ये." तो जाऊन घोडीजवळ उभा राहायचा, परत येऊन सांगायचा. जरा बिचकते आहे. आज खात नाही. आज शांत आहे, पण कान मागे आहेत. नाना मान हलवायचे आणि त्याप्रमाणे काम द्यायचे. ज्याची घोडी बिचकलेली असेल त्या माणसाला डब्याच्या आवाजाजवळ नेत नसत. ज्याला स्वतःबद्दल अवाक्षर बोलता येत नाही, तो घोडीबद्दल बोलू शकतो, असं डॉक्टरबाईंनी मला समजावलं. आणि घोडीजवळ उभं राहणारा माणूस जसा असेल तशीच ती होते, त्यामुळे ते उत्तर सहसा खरंही असतं. मी मात्र प्रल्हादला फोनवर झोप लागली का, जेवलास का, गोळी घेतलीस का, असं ओळीने विचारायची आणि ओळीने "हो" ऐकायची.

लग्नाच्या आधी मी सगळीकडे बजावलं : फटाके नाहीत. बँडवाल्याला सांगितलं, मुलाकडे दोनदा सांगितलं. तरी प्रल्हाद म्हणाला, "मी मंडपाच्या दारात उभा राहणार नाही. आवाज जवळ येत असताना नुसतं उभं राहणं मला जमणार नाही. मी आवाजाबरोबरच येतो. सगुणाला मीच धरतो." आमचे चुलते आबा भडकले. "नवरीना बाप घोडी धरी? लोके काय म्हंतीन?" नाना तिथेच बसले होते. म्हणाले, "म्हंतीन, घोडी भारी शे!" आबांना हसावं लागलं आणि हसल्यावर भांडता येईना. मिरवणूक निघाली तेव्हा जळगावचे व्याही टोमणा मारायचे थोडेच राहणार. "काय व्याही, घोडीवाला नाही मिळाला का?" प्रल्हाद म्हणाला, "मिळाला ना. पण घोडी म्हणाली, आधी सासऱ्याला मुलगा नीट बघू द्या." नवरदेव वरून खळखळून हसला. मला वाटलं, जमलं.

मंडपाच्या अलीकडच्या वळणावर नवरदेवाच्या मित्रांनी माळ पेटवली. मी हातातलं ताट शेजारणीकडे देऊन पुढे धावले. भिंतीच्या कडेने चालणाऱ्या नानांनी माझ्याकडे न बघता हात आडवा घातला. "ताई, थांबा." प्रल्हादचा चेहरा राखेसारखा झाला होता, डोळे आमच्यातल्या कुणावरच नव्हते. मूठ आवळली, दोर ताठ झाला, सगुणाने मान वर फेकली आणि नवरदेवाने खोगीर घट्ट धरलं. नाना बँडवाल्यांवर ओरडले, "थांबा रे बठ्ठा! घोडी थांबेल शे!" माळ संपली, बँड थांबला, सगळी वरात जागच्या जागी उभी राहिली. मंडपातून भटजींचा निरोप आला की मुहूर्त टळतोय. नाना म्हणाले, "मुहूर्तले सांगा, नवरदेव रस्तामा शे." प्रल्हादची बोटं एकेक करून सुटत गेली. दोर खाली झुकला. सगुणाने नाकपुड्या फुरफुरवल्या आणि तोंड त्याच्या खांद्यापाशी आणलं. मग प्रल्हाद हळूच म्हणाला, "चला."

दुसऱ्या दिवशी गावभर एकच बोलणं. घोडी बिचकली होती, पण नवरीच्या बापाने काय सांभाळली! वरातीतल्या कुणालाही यापेक्षा जास्त काही कळलं नाही. नानांनी भर रस्त्यात ती भीती घोडीच्या नावावर करून टाकली होती आणि शौर्य प्रल्हादच्या. मी आभार मानायला गेले तर ते उठून घोड्यांना पाणी दाखवायला गेले. आभार मानणाऱ्यांपासून ते असेच पळायचे.

नानांच्या जलदानविधीला निरनिराळ्या गावांची माणसं आली होती. त्यातले बरेच जण गर्दीत जाणं सोडून दिलेले, आणि तरी शेवटपर्यंत बसून होते. नाना गेले त्या दिवशी मी गूळ घेऊन तबेल्यात पोचले होते. आदल्या रात्री नानांनी भिजवून ठेवलेला हरभरा सकाळी प्रल्हादनेच सगुणापुढे ठेवला होता, तिने तो नुसता हुंगला होता, असं त्याची बायको म्हणाली. प्रल्हादही त्या दिवशी जेवला नव्हता.

मागच्या शनिवारी मी पुन्हा गेले. कडुनिंबाखाली खाट तशीच होती. माणसं एकेक करून आली आणि तिच्याजवळ चहाचे पेले हातात धरून उभी राहिली. कामाला कुणी हात लावेना. दरवेळी सुरुवात नानांच्या प्रश्नाने व्हायची आणि तो विचारायला कुणी नव्हतं. तेवढ्यात प्रल्हाद बादली घेऊन बाहेर आला. खाटेवर बसला नाही, तिच्या शेजारी उभा राहिला आणि पहिल्या माणसाला म्हणाला, "घोडी कशी आहे आज?" मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. एकेक जण जाऊन बघून आला, सांगून कामाला लागला. शेवटी प्रल्हाद आणि मी उरलो. मी नेहमीचे प्रश्न ओठांवरून मागे घेतले.

"प्रल्हाद," मी म्हणाले, "सगुणा कशी आहे?"

तो तिच्यापाशी गेला. मानेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग तिथूनच म्हणाला, "बिचकलेली आहे, ताई. पण खाते आहे."

दोर त्याच्या हातातून जमिनीपर्यंत सैल लोंबत होता.