बाबांच्या मिशीतली चाई

मंगळवारी वर्ध्यात दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या आम्ही पाव किलो पेढे घेतले. निमित्त काय, तर बाबांच्या ओठावर उगवलेले थोडेसे पांढरे केस... हसू नका, सांगते.

माझे बाबा सेलूजवळच्या एका गावात शेती करतात. त्यांची मिशी भरघोस, टोकांना पीळ दिलेली. आईनेसुद्धा लग्नापासून त्यांना मिशीशिवाय पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतर त्याच मिशीत रुपयाएवढी चाई पडली. एकदम गुळगुळीत, एक केस नाही.

कुणीतरी सांगितलं म्हणून लसूण चोळला. कातडी भाजली, केस काही आले नाहीत. शेवटी त्यांनी उरलेली मिशीही उतरवली आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरायला लागले. चौकातला चहा बंद... पुतण्याच्या साखरपुड्यालाही गेले नाहीत. घरात जेवायला बसले तरी भिंतीकडे तोंड. मला बघवायचं नाही.

मी वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेला राहते. ओढूनच आणलं त्यांना स्किनच्या डॉक्टरांकडे. मॅडम म्हणाल्या, "काका, हा संसर्ग नाही. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटलंय. महिन्यातून एकदा बारीक सुईने इंजेक्शन देऊ. पण प्रत्येकाला सारखाच फरक पडतो असं नाही." दोनदा टोचून झालं. फरक शून्य.

मंगळवारी तिसरी वेळ. मॅडमनी भिंगातून पाहिलं, फोटो काढला आणि दाखवला... कापसाच्या तंतूसारखे बारीक पांढरे केस! सुरुवातीला बहुतेक वेळा पांढरेच येतात म्हणे, काळे होतात हळूहळू.

बाहेर येताच बाबांनी आईला फोन लावला. "ऐकून राह्यली का? आल्या! मिशा आल्या!" सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली.

रांगेत कॉलेजच्या वयाची एक मुलगी होती, डोक्याला घट्ट स्कार्फ. तिचा नंबर पुकारला आणि ती उठून सरळ जिन्याकडे निघाली. मागून तिची आई, "अवं, थांब नं! चाईची सुईच त हाय!"

बाबांनी चालू फोन माझ्या हातात कोंबला. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि दुपट्टा खाली ओढला. चार महिन्यांत पहिल्यांदाच, तेही परक्या लोकांत.

"हे पाह्य बेटा. दोन सुयांनंतर आले."

ती थांबली. वाकून पाहिलं. "दुखते का काका?"

"दुखते. खोटं काऊन सांगू? पन मी त ओठावर टोचून घेतलं. तुह्यं त डोकं हाय, निभून जाईन."

ती खुदकन हसली... आणि आत गेली. इकडे फोनवर आई ओरडतेय, "कोन हाय? काय झालं?"

बाबा म्हणाले, आपण थांबू. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, डोळ्यांत पाणी. "लय दुखलं काका," म्हणाली आणि पुढची तारीख लिहिलेला कागद त्यांना दाखवला.

मग पेढे घेतले. समोरच्या टपरीवर त्या मायलेकींसोबत चहा झाला. बाबा चार लोकांत बसून मोठमोठ्याने बोलत होते, बशीतून चहा पीत होते...

मॅडम, तुमचे मनापासून आभार. आणि स्कार्फवाल्या मुली, तुझेही. मिशी पूर्ण यायची तेव्हा येईल... माझे बाबा मात्र मंगळवारीच परत आले.