दिदींचे कोरडे पोहे

दिदी कोरडे पोहे खाताना मधेच चावायच्या थांबत. मूठभर पोहे तोंडात, एक गाल फुगलेला, मान दाराकडे. कोरडे पोहे चावताना कानात इतका आवाज होतो की बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून थांबायचं. बाहेर पोस्टमन असे, नाहीतर शेजारची मांजर. खात्री पटली की चावणं पुन्हा सुरू. असं धास्तावून जेवणारं माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्याचं हसू येई.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी नागपूरचा, वर्क परमिटवर इंग्लंडला आलेला. साउथहॅम्प्टनला एका घरातली एक खोली घेऊन राहायचो आणि रोज ट्रेनने बेसिंगस्टोकला ऑफिस गाठायचो. समोरच्या खोलीत दिदी. काठमांडूजवळच्या पाटणच्या, नेवार समाजातल्या, पन्नाशीच्या, तिकडे डोंगरातल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. खोलीचं भाडं त्यांचे कुणी नेपाळी ओळखीचे भरत. आश्रयासाठी केलेला त्यांचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता आणि अपील पडून होतं. दर दुसऱ्या मंगळवारी त्यांना इमिग्रेशनच्या कचेरीत सही करायला जावं लागे. गेलेलं माणूस कधी परत येई, कधी तिथेच ठेवून घेत आणि विमानात बसवत. दिदींना भीती होती ती या विमानाची. तिकडे कुणीतरी त्यांची वाट पाहतंय, एवढं त्यांना पुरतं ठाऊक होतं.

स्वयंपाकघर आम्हा दोघांत एकच. बोलणं हिंदीत, मधे थोडं इंग्रजी. इथे मी ते मराठीतच लिहितो. त्या मला भाई म्हणत. शेगडीपाशी मात्र कधी दिसत नसत. कपाटातला डबा काढायचा, ताटलीत पोहे ओतायचे, वर आल्याचे काप आणि आयते भाजलेले सोयाबीन, झालं जेवण. वर मला ऐकवत, "आगो चाहिँदैन, पानी चाहिँदैन." विस्तव नको, पाणी नको.

पोह्यांना त्या बजि म्हणत. आमच्याकडे मेजवानीलासुद्धा भात नसतो, बजिच असतात, हे सांगताना त्यांचा चेहरा खुले. लांबलचक चटईवर माणसं ओळीनं बसायची, वाढणाऱ्या बायका पुढून सरकत जायच्या, पोह्यांचा ढीग, त्याभोवती काळे सोयाबीन, लसूण, भाजलेलं मांस, अंडं. "पहिला मान सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा, भाई. त्याने घास घेतला की मगच बाकीच्यांनी." तेवढी पाच मिनिटं त्या दाराकडे बघायच्या विसरत.

एका रविवारी मी त्यांच्या डब्यातले पोहे मागून घेतले आणि मोठ्या हौसेने कांदेपोहे केले. ताटली पाहून दिदींनी कपाळाला हात लावला.

"भिजवलेस? सगळे?"

"आमच्याकडे असेच करतात."

"असे आमच्याकडे आजाऱ्याला देतात." तरीही दोनदा मागून घेतले, आणि लिंबू चांगलं आहे म्हणाल्या.

मंगळवारी त्यांच्या कोटाच्या एका खिशात पोह्यांची पिशवी असे आणि दुसऱ्यात टूथब्रश. बसमध्ये बसल्यावर त्या खिसे चाचपत. एकदा सुट्टी घेऊन मी बरोबर गेलो होतो. रांगेत त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती, लहान मुलं धरतात तशी. खिडकीतली बाई "नेक्स्ट" म्हणाली की बाही आणखी घट्ट. वीस मिनिटांत सही करून बाहेर आलो. दिदी बसस्टॉपवर बसून राहिल्या. आलेली बस निघून गेली. मी म्हटलं, "दिदी, एवढं काय घाबरायचं? आपण काही चोरी केली नाही." मोठा शूर होतो मी तेव्हा.

आता माझा मूर्खपणा सांगतो. वर्ष होत आलं तरी दिदींनी मला शिजवलेलं काही दिलं नव्हतं. पोहे देत, आलं देत, भात कधी नाही. आणि आमच्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला कोरडं देणं आणि शिजवलेलं न देणं याचा अर्थ शिकवावा लागत नाही. आमच्या आजोबांना पाटलाच्या घरून चुरमुरे मिळत, भात मिळत नसे. एका संध्याकाळी दिदींनी वाटीत पोहे पुढे केले आणि माझं डोकं फिरलं. त्या स्वतःसाठीही कधी शिजवत नसत आणि माझ्या हातचे कांदेपोहे त्यांनी मागून खाल्ले होते, हे काही आठवलं नाही. "नेवारांमध्येही जाती असतात, वाचलंय मी. भात बाटतो, पोहे बाटत नाहीत, असंच ना? मी बौद्ध आहे, तुम्हीही बौद्ध म्हणवता. मग माझ्याबरोबर भात का नाही?"

दिदींनी वाटी ओट्यावर ठेवली.

"असतं तसं आमच्यात," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोलणार. पण हे ते नाही, भाई."

मग त्यांनी सांगितलं. शाळेला सुट्टी होती. भात चुलीवर होता. बंदूकवाले आले आणि नवऱ्याला म्हणाले, पाच मिनिटांचं काम आहे, चला. नवरा दिदींना म्हणाला, भात होईपर्यंत येतो. माओवादी की सैन्याचे, कुठल्या बाजूचे होते ते, हेही दिदींना कधी कळलं नाही. "मी शेजाऱ्यांकडे धावायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. मी तिथेच उभी, भात करपेल म्हणून." नवऱ्याची चौकशी करत फिरल्या तेव्हा त्यांनाही धमक्या येऊ लागल्या. तेव्हापासून त्या भात लावत नव्हत्या. लावला की तो होईपर्यंत थांबावं लागतं.

मला लाज वाटली. मी ते पोहे खाल्ले, सगळे, त्यांच्यासमोर उभं राहून.

मार्चमधल्या एका मंगळवारी दिदी परत आल्या नाहीत. बुधवारी फोन आला, विमानतळाजवळच्या एका डिटेन्शन सेंटरमधून. आवाज अगदी बारीक.

"भाई, वकील म्हणतात जामीन मिळेल. एक पत्ता लागतो, आणि इथे राहायचे पेपर असलेलं कुणीतरी लागतं. तू फक्त सही करायची. शनिवारचं तिकीट काढलंय या इमिग्रेशनवाल्यांनी माझं."

माझा पासपोर्ट त्या वेळी व्हिसा वाढवून घेण्यासाठी गेलेला होता. त्याच लोकांकडे. माझ्या नावाची फाईल उघडली जाईल, कुणीतरी लाल शेरा मारील, नोकरी जाईल, नागपूरला काय तोंड दाखवू, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. "बघतो, दिदी," मी म्हणालो. "उद्यापर्यंत सांगतो."

"हो हो, बघ," त्या घाईने म्हणाल्या. माझी अडचण झाली म्हणून त्यांनाच वाईट वाटलं असावं.

गुरुवारी मी फोन केला नाही. शुक्रवारी ऑफिसातही फोन बंद ठेवला. सभांमध्ये समतेवर घसा ताणून बोलणारा माणूस मी. दाराशी काही वाजलं की आता मी जेवताना थांबत होतो. शनिवारी सकाळी पोस्टाने पासपोर्ट आला, तीन वर्षं वाढवून. मी तिथेच जिन्यावर बसून सेंटरचा नंबर फिरवला. तो फोन तिथल्या व्हरांड्यातला. तिथे अडकवलेल्या कुणीतरी बाईने उचलला.

"नेपाली लेडी? शी हॅज गॉन, डिअर. पहाटेच नेलं." मग थोडं थांबून म्हणाली, "गेटपर्यंत सगळ्यांना सांगत होती, माझा ब्रदर पत्ता देतोय, तो येईल. आर यू द ब्रदर?"

"नो," मी म्हणालो. "जस्ट अ नेबर." आणि तिने माझं नाव विचारायच्या आत फोन ठेवून दिला.