खंड चौदा, पानं दोनशे तीन ते दोनशे अकरा

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे पानक्रमांक बाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर नुसतंच बाई. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं सहायक होत्या. मुलं प्रयोगाचा अहवाल घेऊन त्यांच्या टेबलापाशी रांग लावायची आणि बाई तो अहवाल मागून उघडायच्या. शेवटच्या पानावर संदर्भांची यादी असायची, तिच्यावरून त्यांचं बोट फिरायचं. लेखकाचं आडनाव, साल, लेखाचं नाव, पत्रिकेचं नाव, खंड. मग बोट थांबायचं.

"पान क्रमांक कुठाय?"

बटाट्याच्या रसाला फेस किती आला, आलेखाची रेघ धड आहे की नाही, हे सगळं त्यानंतर. "तू काय पाहिलंस ते मला पुढे कळेलच," त्या म्हणायच्या, "तू कोणाचं ऐकलंस ते आधी दाखव." पानक्रमांक असला की संदर्भापुढे लाल पेनाची खूण, नसला की अहवाल परत. मुलं जिन्यात उभी राहून बाईंच्या नावाने बोटं मोडायची. ते मला वर ऐकू यायचं, कारण मी वरच्या मजल्यावर ग्रंथालयात कारकून. पुस्तकांशी माझं चांगलं जमतं, ती मागायला येणाऱ्यांशी कमी.

बाई भित्र्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांनी जे केलं ते एका भित्र्या माणसाने केलं, हे विसरून चालणार नाही. संध्याकाळी गॅसची कळ तीनदा बघायच्या, कुलूप लावून जिना उतरायच्या आणि पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघायच्या. विभागप्रमुखांचा शिपाई "सरांनी बोलावलंय" म्हणाला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मी त्यांची थट्टा करायचो. "बाई, सर चहाला बोलावतात हो, फासावर नाही." त्या हसायच्या, पण जाताना पदराला हात पुसत पुसत जायच्या.

एका सोमवारी विभागप्रमुख स्वतःच ग्रंथालयात आले. ते कधी येत नाहीत, म्हणून मी खुर्चीतून उठलो.

"बटाट्यातल्या कॅटलेज विकरावर तापमानाचा परिणाम," हातातल्या कागदावरून त्यांनी वाचलं. "खंड चौदा, पानं दोनशे तीन ते दोनशे अकरा. काढून द्या."

"तो अंक बाइंडिंगला गेलाय, सर."

मी विचार करून बोललो नाही. ते वाक्य माझ्या जिभेवर बसलेलंच होतं. मुलं दर वर्षी हाच अंक मागायला यायची आणि मी दर वर्षी हेच सांगायचो. फार पूर्वी मासिकांचा एक गठ्ठा खरोखरच बाइंडिंगला गेला होता आणि परत आलाच नाही. तेव्हापासून जे फळीवर सापडत नाही ते त्या गठ्ठ्यात असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याने माझं काम फार हलकं झालं.

"कधी गेला?" सरांनी विचारलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो. सर म्हणाले, "एका मोठ्या संशोधन संस्थेने आपल्या एका मुलीला प्रशिक्षणासाठी निवडलंय. तिच्या अहवालातले संदर्भ त्यांनी तपासले. हा लेख त्यांना जगात कुठेही सापडला नाही. मुलीने तो रचला असेल तर निवड रद्द, असं पत्र आलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. गुरुवारी अकरा वाजता तुमचं बाइंडिंगचं रजिस्टर घेऊन खाली प्रयोगशाळेत या."

ते गेले. तसं रजिस्टर नव्हतंच. मुलगी कोण हे मला लगेच कळलं. मी तिला चिठ्ठीवाली म्हणायचो. काहीही सांगितलं की "काका, लिहून द्या ना" म्हणायची. उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय ती जायची नाही. त्या अंकासाठी ती किती वेळा आली होती ते मला आठवत नव्हतं. दर वेळी मी चिडून एक चिठ्ठी खरडायचो, खाली सही ठोकायचो, आणि एकदाची गेली म्हणून सुस्कारा सोडायचो.

मी थेट खाली गेलो. अंक विभागातच कुठेतरी पडला असेल, बाईंना ठाऊक असेल, एवढीच आशा. बाई सामानाच्या खोलीत होत्या. फॉर्मॅलिनमधल्या बेडकांच्या बरण्यांखाली, स्टुलावर बसलेल्या. मांडीवर चिठ्ठीवालीचा अहवाल होता.

"भाऊ, दार लोटून घ्या," त्या म्हणाल्या. मी दार लोटलं. "तो अंक तुम्हाला सापडायचा नाही. तसा लेखच नाही. मी केलाय तो."

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण त्या सांगत गेल्या. अकरा वर्षांपूर्वी मुलांना संदर्भ कसा लिहायचा ते येत नव्हतं म्हणून बाईंनी एक नमुनापत्रक केलं. खऱ्या लेखाचं साल किंवा नाव चुकलं तर कोणी पकडेल, या भीतीने त्यांनी मनानेच एक लेख रचला, पत्रिकेच्या नावासकट. लेखक म्हणून माहेरच्या शेजारच्या घड्याळजींचं आडनाव घातलं. घड्याळात बिघाड नसला तर तसंच परत देणारा माणूस होता, म्हणाल्या. खंड क्रमांक म्हणजे घराचा नंबर. सकाळी कॉलेजला आणणारी बस दोनशे तीन, संध्याकाळी घरी नेणारी दोनशे अकरा. झाली पानं. खाली एक वाक्यही लिहिलं, की पस्तीस अंशाला सर्वांत जास्त फेस येतो असं घड्याळजींनी नोंदवलं आहे. आणि पत्रकाच्या अगदी वर, कडेला, बारीक अक्षरात लिहिलं: हा फक्त नमुना आहे, लेख खरा नाही.

"झेरॉक्समध्ये वरची ओळ कापली गेली," बाई म्हणाल्या. "मुलांनी त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली. तिसऱ्या वर्षी एका अहवालात मला घड्याळजी दिसले. कपाटातले जुने अहवाल काढले, तर आणखी एकोणीस जणांनी दिलेले. सगळ्यांपुढे माझीच लाल खूण. मला दिसले कसे नाहीत? पानक्रमांक होता ना. सगळं अगदी बरोबर लिहिलेलं होतं."

त्यांनी मांडीवरच्या अहवालातला आलेख उघडून मला दाखवला.

"आणि पस्तीस हा आकडा मी मनानेच टाकलेला. त्यानंतर बघाल त्या आलेखाचं टोक पस्तीसला. फेस मोजायची पट्टी हातात असून पोरं पस्तीसच लिहायची. मी नवं पत्रक केलं, खरा लेख घातला. पण जुनं वसतिगृहात फिरतच राहिलं. पुढे घड्याळजी दिसले तरी मी भीतीने खूण करत गेले."

"मग तेव्हाच सांगून टाकायचं!" मी जरा आवाज चढवून म्हणालो.

मग बाईंनी जुनी गोष्ट सांगितली. त्या याच प्रयोगशाळेत शिकल्या होत्या. दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी अहवालात एका पुस्तकातल्या दोन ओळी पुस्तकाचं नाव न देता उतरवल्या. तेव्हाच्या प्राध्यापकांनी त्यांना फळ्यापुढच्या चौथऱ्यावर उभं केलं. त्या ओळी आधी अहवालातून मोठ्याने वाचायला लावल्या, मग पुस्तकातून, आणि साऱ्या वर्गासमोर एक शब्द उच्चारला: चोर. बाईंनी पदवी कशीबशी पुरी केली, पुढे शिकल्या नाहीत, आणि त्याच खोलीत नोकरीला लागल्या.

"मला अजून त्या चौथऱ्यावर पाय ठेववत नाही," त्या म्हणाल्या. "फळा पुसायचा तर खालूनच हात लांब करून पुसते."

मग त्यांनी मला असं काही विचारलं की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. "मुलं तुमच्याकडे अंक मागायला यायचीच ना? असा अंक नाही, असं तुम्ही कधीच कसं म्हणाला नाहीत? मी दर वर्षी वाट बघायची. आता वरून भाऊ येतील, आता सगळं बाहेर येईल. कधीकधी वाटायचं, येऊच दे एकदाचं."

बुधवारी चिठ्ठीवाली ग्रंथालयात आली. डोळे सुजलेले होते.

"काका, तो अंक आला का हो?"

"अजून नाही."

"मी खोटं नाही रचलं, काका. पण मी तो लेख वाचलाही नाही. हे सांगू की नको सांगू? मावशीने सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय, आमची मुलगी निवडली म्हणून. मी घरी कसं तोंड दाखवू?"

मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या जिवाचा घोर मिटला असता. मी म्हणालो, "उद्या बघू." भित्रा कोण, हा प्रश्न मला त्या दुपारपासून पडलेला आहे.

गुरुवारी अकरा वाजता प्रयोगशाळेत विभागप्रमुख आणि दोन प्राध्यापक लांब टेबलामागे बसले. समोर चिठ्ठीवाली उभी, भिंतीशी बाई, दाराशी मी. बगलेत एक वही होती, पण ती हजेरीची. रिकाम्या हाताने यायचं धैर्य झालं नाही म्हणून उचलून आणली होती.

"हा लेख वाचलास तू?" सरांनी मुलीला विचारलं.

"नाही सर."

"मग संदर्भात दिलास कसा?"

"पस्तीस अंशाच्या वाक्याला संदर्भ नसला तर मार्क जातात. आणि अंक मिळेना. मी पाच वेळा मागितला." तिने पिशवीतून पाच चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. तारखांचा क्रम चुकला नाही.

सरांनी एकेक चिठ्ठी वाचली. प्रत्येकीवर तेच: अंक बाइंडिंगला गेला आहे, नंतर यावे. "म्हणजे अंक होता, पण तो हरवला?" ते माझ्याकडे वळले. "बाइंडिंगवाल्याकडे गहाळ झाला?"

त्या क्षणी मला वाट दिसली. हो म्हणायचं. जुना गठ्ठा, बाइंडिंगवालाही आता राहिला नाही. मुलगी सुटते, बाई सुटतात, आणि माझ्या वाट्याला थोडं ओरडणं. मी तोंड उघडलं.

"नका, भाऊ," बाई म्हणाल्या.

त्या भिंतीपासून निघाल्या. मला वाटलं टेबलाकडे येतील. त्या फळ्याकडे गेल्या, एका हाताने फळ्याची कड धरली आणि चौथऱ्यावर चढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

"तो लेख मी रचला," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की सर पुढे वाकले. मग त्यांनी घड्याळजी सांगितले, घराचा नंबर सांगितला, दोन्ही बस सांगितल्या. त्या खोलीत कोणाला हसू आलं नाही. पस्तीस अंशही सांगितले आणि वीस लाल खुणाही. पदराआडून त्यांनी थर्मामीटरची पत्र्याची डबी काढली. तिच्यात तळच्या पुठ्ठ्याखाली घडी करून अकरा वर्षं जपलेलं मूळ पत्रक होतं, वरच्या बारीक ओळीसकट. "या पोरीने लबाडी केली नाही. न वाचता लिहिलं, एवढी तिची चूक. पण तिने शोधलं तरी. मी आधी न बघता खुणा केल्या, मग बघूनही."

"बाई, खाली उतरा," सर हळूच म्हणाले.

"नाही सर. पुरतं होऊ द्या."

त्या तशाच उभ्या राहिल्या. सरांनी एक चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "ही सही?"

"माझी."

"अंक बाइंडिंगला कधी गेला?"

"कधीच नाही," मी म्हणालो. मी आपण होऊन बोललो नाही, माझ्याकडून वदवून घेतलं गेलं. हा फरक मला माहीत आहे.

मूळ पत्रक आणि बाईंचा लेखी जबाब संस्थेकडे गेला. मुलीची जागा राहिली, पण तो अहवाल रद्द झाला आणि प्रयोग तिथे नव्याने करायची अट आली. मला लेखी ताकीद मिळाली. बाईंना प्रयोगशाळेतून काढून कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. अहवाल तपासायचं काम त्यांच्याकडून कायमचं गेलं. पानक्रमांक कोणाला विचारणार? त्या येणाऱ्या पाकिटांवर शिक्के मारत बसायच्या आणि शिपाई जवळून गेला तरी दचकायच्या.

सात महिन्यांनी एका दुपारी त्या ग्रंथालयात आल्या. छातीशी एक जाड पाकीट होतं, फोडलेलं नव्हतं. वर त्या संस्थेचा शिक्का आणि बाईंचं पूर्ण नाव.

"भाऊ, तुम्ही उघडा," त्या म्हणाल्या. "अजून काहीतरी निघालं असेल. मला बोलावलं असेल."

मी पाकीट फाडलं. आत चिठ्ठीवालीचा नवा अहवाल होता, टाइप केलेला. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी सवयीने मागून उघडला. बोट संदर्भांवरून फिरू लागलं. आडनाव, साल, लेख, खंड, पानं. एकेक करून दहा. सगळे पुरे होते. अकराव्यावर बोट थांबलं.

तिथे बाईंचं स्वतःचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं: प्रयोगशाळा सहायक, तोंडी माहिती. आणि त्या गुरुवारची तारीख.

मी पानं उलटून ते वाक्य शोधलं आणि त्यांना वाचून दाखवलं. "आधीच्या अहवालातला पस्तीस अंशांचा आकडा कोणत्याही मापनातून आलेला नव्हता, असं कळल्यावर सर्व मोजणी नव्याने केली." वाक्याच्या शेवटी कंसात अकरा.

बाईंनी पुन्हा शेवटचं पान काढलं. मग म्हणाल्या, "पान क्रमांक नाही."

"बोललेल्याला नसतो हो पान क्रमांक."

त्यांनी माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं, टोपण काढलं. पण हात खाली येईना. घाबरलेल्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मी तेव्हा खरंच तसं म्हणाले होते ना? ती आपलं चांगुलपणाने तर नाही ना लिहीत?"

"म्हणाला होतात, बाई," मी म्हणालो. "चौथऱ्यावर उभं राहून म्हणाला होतात. मी तिथे होतो."

मग त्यांनी आपल्या नावापुढे खूण केली.