दगड मीच काढला

सकाळचे दहा. धावडा गावाबाहेरचं उतारावरचं मोकळं मैदान. दुसऱ्या दिवशी अंगारकी, म्हणजे गावोगावची माणसं ट्रॉल्या भरून राजूरच्या गणपतीला निघणार. म्हणून ट्रॉल्यांचे ब्रेक तपासायला आरटीओचे साहेब आलेले. आणि तिथे मी, बातमीदारीत केस पांढरे केलेला. फजिती कोणाची झाली असेल, सांगा बरं?

तपासणी कशी? ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन चार पावलं पुढे यायचा, ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, ट्रॅक्टर थांबला की साहेब म्हणायचे, "पास. पुढचा घ्या." अहो, हा ट्रॅक्टरचा ब्रेक झाला! बायकापोरं बसणार ट्रॉलीत, तिचा ब्रेक कोणी पाहिला? घाटात ट्रॅक्टर थांबेल आणि मागून ट्रॉली त्याच्या अंगावर चढेल.

माझं डोकं फिरलं. खरी तपासणी झाल्याशिवाय एकही ट्रॉली जाऊ देणार नाही म्हणून मी मैदानाच्या खालच्या तोंडाशी स्वतःची कार आडवी लावली.

पुढची ट्रॉली नेमकी माझ्या मेहुण्याची, भानुदासची. माझी बायको माहेरच्या बायकांसोबत हिच्यातच बसणार होती.

"पिन काढ," मी म्हणालो. "ट्रॅक्टर बाजूला घे. ट्रॉली स्वतःच्या ब्रेकवर उभी राहते का पाहू."

"दाजी, घरच्याच ट्रॉलीच्या मागं लागून राह्यले का?"

"तुझी बहीण बसणार आहे तिच्यात."

"मंग? दरसाल बसती."

साहेबांनी हात वर केले. तुमच्या जबाबदारीवर करा म्हणाले. भानुदासनं ट्रॉलीचा ब्रेकचा दांडा ओढला, चाकांखाली रिवाजाप्रमाणे दगड लावले आणि पिन काढली. ट्रॉली जागची हलली नाही. साहेब हसले. दगडावर तर हत्तीही उभा राहील! मी लोकांना बाजूला केलं आणि दोन्ही दगड स्वतःच्या हातानं ओढून काढले.

ट्रॉली निघाली. घाई नाही, गडबड नाही, जावई निघावा तशी. खाली एकच वस्तू आडवी होती. तिची दोन्ही दारं आत गेली.

खरं सांगतो, मला आनंदच झाला. "बघा साहेब, ब्रेक नाही."

"थांबली की."

"माझ्या गाडीला धडकून थांबली!"

"ट्रॅक्टरला जोडली की थांबते ना? पास." आणि वर म्हणतात, "तुमची गाडी वाटेतून काढा, लोकांची खोटी होतेय."

दुसऱ्या दिवशी मी बायकोला जाऊ नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, गाडी तुम्ही फोडून बसलात, आता गुपचूप चला. बसलो त्याच ट्रॉलीत, बायकांच्या मधोमध. प्रत्येक उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढुशा देत होती, मी फळी घट्ट धरत होतो आणि भानुदास मागे वळून विचारत होता, "दाजी, दोन दगड घेऊ का संगं?" सबंध ट्रॉली हसत होती. माझी बायको सगळ्यांत जास्त.

राजूरला उतरल्यावर मी पहिल्यांदा ट्रॉलीखाली वाकून पाहिलं. ब्रेकच्या दांड्याची तार अर्ध्यातच संपलेली. चाकापर्यंत काही पोचलेलंच नव्हतं. आदल्या दिवशी नुसता वाकलो असतो तर कार वाचली असती. पण वाकणं आमच्या स्वभावात नाही ना!

साहेबही वाकले नव्हते. तार अर्ध्यातच संपलेली ट्रॉली पास कशी केली, हे मी त्यांना लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. ट्रॉली रोज रस्त्यावर आहे.