धुतलेला नमुना

आमच्या कामात नमुन्याच्या बाटलीवर नाव लिहीत नाहीत, म्हणून ज्याची ही गोष्ट, त्याचं नाव इथेही लिहीत नाही. पिकावर फवारलेलं औषध माणसाच्या अंगात किती उतरतं आणि त्यातून कॅन्सरचा धोका किती वाढतो, हे लघवी-रक्तावरून ताडायला मी सोनाळ्याला गेले होते. हा रोजाने लोकांची कपाशी फवारणारा. नमुना द्यायला आला तो कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याला चपचपीत तेल आणि कानात अत्तराचा फाया अशा थाटात, जणू मुलगी पाहायला निघालाय.

"आठ दिवस झाले मॅडम, औषधाले हात नाई लावला. नुसतं ताक पिऊन राह्यलो. पाहा, एकदम साफ निंघते का नाई!"

मी कपाळावर हात मारला. "अहो, आम्हाला फवारणीनंतरचाच नमुना हवाय."

"म्हणजे नापास व्हाचं होतं? मंग आधी नाई सांगाचं!" तो खदखदून हसला.

दोन दिवसांनी शेतातून थेट आला. पाठीवर पंप, शर्टाला उग्र वास, चेहऱ्यावर तोच उत्साह. रक्त काढतानाही हसत होता.

पुढे अहवाल आला. अंगात औषध भरपूर सापडलं होतं, रक्ताच्या पेशींनाही इजा दिसत होती. मी मुद्दाम जाऊन त्याला सांगितलं, हातमोजे, मास्क, सगळं बजावलं. त्याने मान डोलावत ऐकून घेतलं आणि मलाच धीर दिला.

"तुमचं काम तं झालं ना बाप्पा? मंग काऊन तोंड पाडून राह्यल्या?"