सिरिंजा उकळेपर्यंत

माझ्या तोंडाला लगाम नव्हता हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला मी मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यात, सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले. गावात ख्रिस्ती म्हणावं असं माझं एकटीचंच घर. त्याचा त्रास मला कुणी दिला नाही. दिवाळीला शेजारचा फराळ माझ्याकडं यायचा, नाताळात माझ्या करंज्या त्यांच्याकडं जायच्या. माझी अडचण वेगळीच होती. मला प्रार्थना जमत नव्हती.

मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, म्हणजे प्रार्थना हिच्या रक्तातच असणार, असं लोकांना वाटायचं. कसलं रक्तात. तिथं घंटा व्हायची, आम्ही गुडघे टेकायचो आणि मी गुडघ्यांवरच झोपायचे. नोकरीला लागले आणि घंटा गेली. मग माझी मीच नेम करायचे: पहाटे पाचला उठायचं, अर्धा तास प्रार्थना, शास्त्राचा एक अध्याय, एक गीत. बुधवारी गीत सुटायचं, शुक्रवारी अध्याय, आणि रविवारी देवाला तोंड दाखवायची लाज वाटायची. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तेवढेही कधी भरले नाहीत.

भंडाऱ्याहून महिन्यातून एकदा एस.टी.नं एक म्हातारी बायबलबाई यायची. घरोघर बसून बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, हे तिचं काम. तिच्यापुढं मी माझं रडगाणं गायले. ती जेवत होती, जेवतच राहिली.

"बेटी, दिवसभरात तुझे पाय एका जागी कधी राहतात?"

"सिरिंजा उकळतात तेव्हा."

तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. रोज सकाळी दवाखाना उघडला की स्टोव्ह पेटवायचा, सुया आणि सिरिंजा पाण्यात घालायच्या आणि पाणी खळखळू लागलं की तिथून पुढं वीस मिनिटं मोजायची. मध्ये हलायची सोय नव्हती. स्टोव्ह भडकायचा, आणि कंपाउंडरवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

"मग तेव्हाच कर," ती म्हणाली. "एका माणसाचं नाव घे. त्याच्यासाठी एक वाक्य बोल. मग गप राह."

"बस, एवढंच?"

"तुला गप राहणं एवढंसं वाटते का?" असं म्हणून तिनं पाणी मागितलं.

खरं सांगते, मला ते जरा हलकंच वाटलं. स्टोव्हच्या भर्र आवाजात, रॉकेलच्या वासात कसली प्रार्थना? पण दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. आदल्या दिवशीच्या रजिस्टरातलं एक नाव घेतलं. धानाच्या रोवणीत पायाला चिखल्या झालेला एक म्हातारा होता. "प्रभू, याचे पाय बरे कर." मग गप. एकदा कंपाउंडरचंही नाव घेतलं: "प्रभू, यांना अक्कल दे, नाहीतर बदली दे." देव हसला असेल तर हसू दे. पण नेम मोडला नाही. महिना गेला, दोन गेले, आणि मी एक दिवसही चुकले नाही. आता आपण सुधारलो, असं मला वाटायला लागलं होतं.

धानाची कापणी सुरू झाली होती. डॉक्टर साहेब मीटिंगला तालुक्याला गेलेले. रांगेत एक कोवळी पोर आली, पहिलटकरीण, मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू. लेकराचं पोट श्वासागणिक उडत होतं. छाती भरली होती, उघडच दिसत होतं. मी त्याचं झबलं वर केलं, आणि पोटावर ताजा डाग. लेकराची छाती भरली की विळा तापवून पोटावर डाग द्यायचा, ही तिकडची जुनी रीत. त्या रिवाजाशी भांडून भांडून मी थकले होते.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "कसाई बरा तुझ्यापेक्षा," मी भर रांगेत म्हणाले. "तो निदान स्वतःच्या पोटचं तरी कापत नाही."

तिनं लेकराला पदरात घेतलं आणि उठून चालायला लागली. मी हाकसुद्धा मारली नाही. म्हटलं, जाते कुठं, येईल परत. संध्याकाळपर्यंत ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोव्ह पेटवला. पाणी उकळलं. तिचं नाव घेतलं आणि म्हणाले, "प्रभू, तिला बुद्धी दे, तिला परत पाठव." मग गप राहिले. त्या वीस मिनिटांत मला कसला आवाज वगैरे आला नाही. फक्त एवढं आठवलं, की तिनं त्या डागावर ओलं फडकं अलगद धरलं होतं. जिनं डाग दिला ती असं फडकं धरील का? आणि तिनंच परत यावं म्हणून मी देवाला सांगत होते, माझे दोन्ही पाय धड असताना. लेकरू रात्रीतून गेलं असेल तर?

साहेबांना सगळं सांगितलं, माझं बोलणंही सांगितलं. ते म्हणाले, औषध घ्या आणि आधी निघा. सिरिंजा डब्यात घातल्या आणि धानाच्या बांध्यांतून, धुऱ्याच्या अरुंद बांधावरून कोसभर चालत तिचं गाव गाठलं. ती अंगणात बसली होती. लेकरू जिवंत होतं, धापा टाकत होतं. दारात सासू उभी. मी तोंड उघडलं, "काल मी..."

"आता टोचा," त्या पोरीनं मला तिथंच तोडलं आणि लेकराचा पाय माझ्यापुढं धरला.

ती माझ्यावर रागावली आहे, असंच मी समजले. रागवायचा तिचा हक्कच होता. मी रोज जात राहिले. ती लेकरू पुढं करायची, माझ्याशी शब्द नाही. तिसऱ्या दिवशी लेकरू अंगावर प्यायला लागलं. पाचव्या दिवशी ते माझ्याकडं बघून हसलं, आणि मला रडू आवरेना. सासू कापणीला गेली होती. मी म्हणाले, "त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

"डाग सासूनं देल्ला," ती म्हणाली. "दुसऱ्या डागासाठी विळा तापवून राहिली होती, तवा मी पोराले घेऊन पळाली. कोणाले न सांगता तुमच्याकडं आली."

मला खाली बघावं लागलं.

"घरी आल्यावर सासूनं इचारलं, काय देल्लं तुह्या दवाखान्यानं? मी सांगतलं, नर्सबाई सुटीवर हाय म्हणून."

"खोटं कायले बोललीस?" माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"मंग काय सांगू, जी? तुमी काय म्हणल्या ते सांगतलं असतं, त या गावातल्या एकाही बाईनं आपलं लेकरू तुमच्याकडं आणलं नसतं."